बिनसाखरेचा चहा

बाबा,

तुम्हाला शुगर नव्हती. हे वाक्य मी आजवर कुणासमोर बोललेली नाही, कुठे लिहिलेलंही नाही, म्हणून आधी ते लिहून मोकळी होते. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या आवाजापेक्षा तुमचं खाकरणंच मला जास्त आठवतं. मी सिडनीत असते. इथल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे. सध्या जगभर साथ चालू आहे, आम्ही दिवसभर तोंडाला मास्क, अंगावर प्लास्टिकचा गाऊन घालून वावरतो आणि घरी येऊन आधी आंघोळ करतो. पण आजचा राग त्या साथीचा नाही. तो जुना आहे, आणि त्यातला बराचसा तुमच्यावरचा आहे. ऐकून घ्या. तेव्हा तुम्ही मला बोलू दिलं नव्हतंत.

आपल्या घरी पाहुणे आले की चहाची दोन पातेली चढायची. एक सगळ्यांसाठी, आणि एक छोटं, कान तुटलेलं, तुमच्या बिनसाखरेच्या चहाचं. तुम्ही बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे कंपाउंडर. पांढरा शर्ट, खिशाला पेन. आपल्या वस्तीत तसं काम करणारे तुम्ही पहिलेच, त्यामुळे कुणाचं पोर तापलं तरी लोक आधी आपलं दार वाजवायचे. मुतखड्याने तुम्ही लोळत होतात तेव्हा डॉक्टरांनीच तुम्हाला दुखण्याचं इंजेक्शन दिलं. मुतखडा पडून गेला, इंजेक्शन राहिलं. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच होती. मग घरात काचेची सिरिंज कशाला उकळते, तुम्ही एका अंगावर कलून का बसता, मांडीला सारखी गळवं का येतात, भर दुपारी बसल्या जागी तुमची मान का पडते, या सगळ्याला काहीतरी उत्तर लागणारच होतं. आईने ते शोधलं. शुगर. इतकं चपखल उत्तर की पुढे कुणी काही विचारलंच नाही. उलट कौतुकच झालं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटायचे, तेव्हा तुम्ही हात जोडून नको म्हणायचात आणि बायका आईला सांगायच्या, "बाई, किती पथ्य पाळतात गं!" घरी आलं की आई कडी लावायची, डब्यातून आणलेली खीर तुमच्यापुढे ठेवायची, आणि तुम्ही वाटी बोटाने पुसून खायचात. मला ते फार आवडायचं. मला वाटायचं, आपल्या घरात हा एक गमतीचा खेळ आहे.

म्हणून तर हेडमास्तर आले होते त्या दिवशी मी मध्येच बोलले. आईने छोट्या पातेल्यातला चहा तुमच्यापुढे ठेवला आणि मी म्हणाले, "अगं, बाबांना साखर लागते की." आईच्या हातातली बशी वाजली. तुम्ही हसलात. "पोरीला वाटतं बापालाही गोड मिळावं," असं म्हणालात आणि हेडमास्तरही हसले, मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला. ते गेल्यावर तुम्ही मला मागच्या मोरीपाशी नेलंत. मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. माझ्यासमोर उकिडवं बसून अगदी हळू म्हणालात, "घरातलं बाहेर बोललीस ना, तर मी मरेन. लोक आपल्याकडे बोट दाखवायला टपूनच बसलेत." मी तेव्हा दुसरीत असेन. मी पुन्हा बोलले नाही, बाबा. शाळेत नाही, मैत्रिणींत नाही, नर्सिंगच्या मुलाखतीतही नाही. मी गप्प बसले आणि तरी तुम्ही मेलात.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे रोज अशी माणसं येतात ज्यांना दुखण्याच्या गोळ्यांची, नाहीतर हेरॉईनची सवय लागलेली असते. कुणी जास्त घेऊन निळं पडलेलं असतं, कुणी ते न मिळाल्यामुळे घामाने भिजून, पोट धरून ओरडत असतं. पूर्वी त्यांना शुद्धीवर आणायचे आणि एक पत्ता हातात देऊन घरी पाठवायचे. त्या पत्त्यावर फारसं कुणी पोचायचं नाही. आता आम्ही तिथेच जिभेखाली ठेवायचं औषध सुरू करतो, तडफड थांबते, आणि माणूस शांत झाला की त्याला बाहेरच्या क्लिनिकशी आणि घराजवळच्या फार्मसीशी जोडून देतो. फार्मसीत रोज जायचं, त्यांच्यासमोर औषध घ्यायचं. माझं काम ते जोडून देण्याचं. मी फोन करते, वेळ घेते, पहिल्या दिवशी तो गेला का ते विचारते. तुमच्या वेळी हे औषध नव्हतं, असलं तरी आपल्या गावात नव्हतं. पण कपाटातल्या कुप्या कमी होताहेत हे कळल्यावर डॉक्टरांनी काय केलं? किल्ली काढून घेतली, महिनाभराने परत दिली, आणि आईला सांगितलं, "माझा माणूस आहे, मी सांभाळतो." एकदा मोठ्या शहरातल्या कुणाकडे तुम्हाला हात धरून नेलं असतं तर? नाही नेलं. नेलं असतं तर त्यांच्या दवाखान्याचंही नाव खराब झालं असतं ना.

तर मागच्या लॉकडाउनमध्ये एक माणूस आला. वय माझ्यापेक्षा थोडं कमी. कॉटवर कुशीवर वळून थरथरत होता आणि मी हाताची नस शोधायला लागले तशी त्याच्या तोंडून निघालं, "आई गं." मी मराठीत म्हणाले, "थोडंच दुखेल." तो दचकला. गाऊन, मास्क, शील्ड, माझं काहीच दिसत नव्हतं. आपलं माणूस भेटल्याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्याने विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" मी सांगितलं, गिरावीन, सिडनीतला आपल्या लोकांनी भरलेला भाग. त्याने डोळे मिटले. "झालं! मी पण तिथेच."

स्टुडंट म्हणून आलेला, मग पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मग एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्टवर. पाठ दुखावली, डॉक्टरने जोरदार गोळ्या दिल्या, पाठ सुधारली आणि गोळ्या राहिल्या. तुमचीच गोष्ट, फक्त चांगल्या बुटांतली. मग डॉक्टरने एकदम हात आखडता घेतला आणि हा मित्राच्या मित्राकडून गोळ्या घ्यायला लागला. त्या दिवशी मिळाल्या नाहीत, म्हणून आमच्याकडे. मी औषध दिलं. तासाभरात त्याचा घाम थांबला, डोळ्यांत माणूस दिसायला लागला. त्याने पाणी मागितलं, सँडविच खाल्लं, आणि म्हणाला, "ताई, किती दिवसांनी शांत वाटतंय." या क्षणासाठी मी हे काम करते. एवढं एक गोड आहे त्यात.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. साथीमुळे नातेवाइकांना आत सोडत नव्हते, ती कार पार्कमध्ये गाडीत बसून होती. त्याने फोन स्पीकरवर टाकला, कारण हाताला सलाईन.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. एक सेकंदही विचार केला नाही. "अगं, शुगर निघाली. एकदम हाय. म्हणून थरथरत होतो."

"अरे देवा! तरी मी म्हणत होते, सारखा घाम कसा येतो. इट्स ओके, आपण कंट्रोल करू. आजपासून चहात साखर बंद."

बाबा, मी त्याचं सलाईन तपासायला वळले. मला वाटत होतं ते खोटं आईने एकटीने, आपल्या चुलीपाशी बसून, कधीतरी रडत रडत शोधलं असेल. इथे ते तयार होतं, त्याच्या जिभेवर, औषधाशेजारी.

फोन बंद झाल्यावर मी त्याला सोडलं नाही. म्हणाले, "बायकोला खरं सांगा. आत्ता, मी आहे तोवर." तो म्हणाला, "ताई, शुगर कुणालाही होते. हे नाही होत आपल्यात." मी म्हणाले, "आपल्यातच तर झालंय. समोर बसलंय." तो हसला, पण मानेने नाही म्हणाला. मी त्याच्या परवानगीशिवाय सांगू शकत नाही. नियम आहे, आणि एरवी मी त्या नियमाच्या बाजूने भांडते. जाताना मी त्याला नाकात मारायचा फवारा दिला. चुकून गोळ्या जास्त झाल्या, श्वास मंद झाला, तर तो फवारा माणसाला परत आणतो. "पण हा स्वतःला नाही मारता येत," मी सांगितलं. "तेव्हा तुम्ही शुद्धीत नसणार. घरात दुसऱ्या कुणालातरी माहीत हवं." त्याने तो खिशात घातला. "नो वरीज, ताई."

फार्मसी त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. लांबची शोधून दिली असती, पण तेव्हा आमच्या भागात घरापासून लांब जायला बंदी होती. औषधोपचाराला सूट आहे असं मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी पोलिसांनी अडवलं तर काय सांगायचं या भीतीने तो तयार नव्हता. साथ नसती तर तो आत जाऊन कोपऱ्यात औषध घेऊन आला असता. आता सगळी रांग बाहेर, फूटपाथवर, गोल स्टिकरवर एकेक जण उभा, आणि समोर इंडियन ग्रोसरी. पीठ-डाळी घ्यायला आलेलं सगळं गिरावीन त्याला रोज बघणार. चार-पाच दिवस गेला. मग कुणीतरी लांबूनच हाक मारून विचारलं म्हणे, "काय रे, रोज रोज काय घेतोस?" हा म्हणाला, "शुगर." तो म्हणाला, "अरे, माझ्या बाबांना पण आहे, त्यांना तर महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून हा गेला नाही.

फार्मसीतून मला कळलं तसा मी त्याला फोन केला. त्याने उचलला. मागे टीव्ही चालू होता आणि बायको जवळच असणार, कारण तो मोठ्याने म्हणाला, "हो, हो सिस्टर, शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे." मी म्हणाले, "तुम्ही औषधाला आला नाहीत." तो म्हणाला, "हो, वॉक चालू आहे रोज." मी म्हणाले, "हे बघा, औषध थांबवून परत जुन्या गोळ्या जुन्याच प्रमाणात घेतल्या तर शरीराला झेपणार नाहीत. जीव जाईल." तो म्हणाला, "गोड तर मी पूर्ण सोडलंय." मला ओरडावंसं वाटत होतं. पलीकडून तिचा आवाज आला, "सिस्टरला विचार, आंबा चालेल का?" आणि त्याने खरोखरच विचारलं. मी काय सांगितलं असेल? म्हणाले, "थोडा चालेल." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. माझ्याबरोबर काम करणारी नर्स म्हणाली, "यू गॉट हिम टु द डोअर, मेट. दॅट्स अवर बिट." दारापर्यंत पोचवणं एवढंच आपलं काम. ती चांगली आहे, पण तिला आमची दारं ठाऊक नाहीत.

दोन दिवसांनी दुपारी ॲम्ब्युलन्सने त्याला आणलं. तो सोफ्यावर बसल्या बसल्या कलंडला होता, ओठ निळे, घशातून घरघर. बायकोला वाटलं, शुगर लो झाली. शिकलेली, हुशार बाई आहे ती, तिने नेटवर सगळं वाचून ठेवलं होतं. ती स्वयंपाकघरात धावली, साखर पाण्यात विरघळवली आणि चमच्याने त्याच्या तोंडात घालत बसली. ते पाणी ओठांच्या कडेने बाहेर येत होतं, थोडं आत श्वासात गेलं. मग तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि सांगितलं, डायबिटीस आहे. फवारा औषधांच्या ड्रॉवरमध्ये होता, थर्मामीटरशेजारी. त्याने तिला तो ॲलर्जीचा म्हणून सांगितला होता. ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या पॅरामेडिकने तिला बाहेर थांबवून बोटाला सुई टोचून साखर पाहिली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, आणि एका मिनिटात ओळखलं. म्हणून वाचला.

आता तुमचं सांगते. तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही शुद्धीत नव्हता. सरकारी दवाखान्यात तुमची घरघर अशीच होती, ओठ असेच. ड्यूटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरने विचारलं, "काय आजार आहे?" आई म्हणाली, "शुगर." त्याने ग्लुकोज लावलं. बाटली थेंब थेंब चालू होती आणि तुमच्या दोन श्वासांच्या मध्ये मी भिंतीवरचं सगळं कॅलेंडर वाचत होते. तुमचे डॉक्टर तिथेच होते हो! खास तुम्हाला बघायला आलेले, इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात मागे बांधून. त्यांना माहीत होतं. आईला माहीत होतं. मला माहीत होतं, मी तेव्हा लहान नव्हते. आम्ही तिघं त्या कॉटभोवती उभे होतो आणि त्या खोलीत एकट्या त्या पोरगेल्या डॉक्टरला माहीत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर त्याच्याकडे उपाय असता की नाही, मला अजून ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई नंतर कितीदा म्हणाली. सव्वा लाख कुणाचे झाले, बाबा?

तो माणूस आयसीयूतून वॉर्डात आल्यावर त्याने शेवटी परवानगी दिली आणि मी कार पार्कमध्ये जाऊन त्याच्या बायकोला भेटले. तिने गाडीची काच खाली केली. मास्क लावलेल्या दोन बायका, एक गाडीत, एक उन्हात. मी सगळं सांगितलं. ती माझ्यावर तुटून पडली. "तुम्हाला माहीत होतं? मी आंब्याचं विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं? तुम्ही मराठी आहात ना? मी त्याला साखर पाजत बसले, ताई. साखर!" मी नियम सांगितला. सांगताना मलाच तो ऐकवेना. तिने काच वर केली आणि आत एकटी रडली. मी तिथेच उभी राहिले, कारण जाणंही बरं दिसेना.

आता तो उपचारांवर आहे. महिन्यातून एकदा त्याच औषधाचं कातडीखाली इंजेक्शन, म्हणजे रोजची रांग नको, समोरचं ग्रोसरीचं दुकान नको. तीच त्याला गाडीने आणते आणि बाहेर थांबते. माझं काम झालं, जोडणी पक्की झाली, ऑफिसात सगळे खूश आहेत. गेल्या खेपेला मी तिला बाहेर भेटायला गेले तर ती फोनवर बोलत होती, बहुतेक सासूशी. "हो आई, तेव्हा शुगर एकदम लो झाली होती. आता दर महिन्याला इंजेक्शन असतं. नाही, चहा बिनसाखरेचाच देते." तिने मला पाहिलं आणि फोन ठेवला. नजर चुकवली नाही. म्हणाली, "मग काय सांगू, ताई? त्यांना काय सांगू? इथल्या लोकांना काय सांगू? तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?"

मला वाटलं होतं, या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं तयार ठेवलंय. मी तिला म्हणाले, "पार्किंगची वेळ संपत आली असेल तुमची."

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? तुमच्या पत्त्यावर आता आई एकटी असते, आणि तिने ते वाचू नये अशी माझी इच्छा आहे. मी तुमच्यावर रागावते, डॉक्टरांवर तर कायमच, पण तिच्यावर धड रागावताही येत नाही. कारण परवा त्या गाडीच्या काचेतून मला तीच दिसली, तरुण, घाबरलेली, हातात ते कान तुटलेलं पातेलं घेऊन. ती आता म्हातारी झालीय. व्हिडिओ कॉलवर दर वेळी विचारते, "शुगर तपासलीस का गं? आपल्या घरात आहे ती, बापाकडून येते." आधी मला वाटायचं, कुणी शेजारी बसलंय म्हणून बोलते. पण नाही. तिला आता खरंच तसं वाटतं.

आणि मी तपासते, बाबा. दरवर्षी. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला डायबिटीस होता का? मी नर्स आहे, खोटी माहिती दिली की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार बंद होतं, त्यांना मराठीचा गंध नाही, आपलं गाव नकाशावर कुठे आहे तेही ठाऊक नाही. मी म्हणाले, "हो, वडिलांना." आणि बाही वर करून हात पुढे केला.